रत्नाबाईंच्या अळूवरची गारवेल

भुकूमच्या ‘सह्याद्री व्हिस्पर्स’ सोसायटीची इच्छा माफक होती. भिंतीपलीकडचा गोठा दिसू नये, एवढीच. गोठ्याचा वासही यायचा, पण फ्लॅट बघायला येणारी माणसं आधी डोळ्यांनी बघतात, असं सेक्रेटरी कौस्तुभचं म्हणणं होतं. त्यानं नर्सरीतून गारवेल आणली. हाताच्या पंजासारखी पाच बोटांची पानं, सकाळी उमलणारी जांभळी फुलं. ही मरणार नाही, अशी हमी नर्सरीवाल्यानं दिली होती. नर्सरीवाल्यांच्या आजवरच्या हमींपैकी खरी ठरलेली ही एकमेव.

गोठा रत्नाबाईंचा. सोसायटीखालची जमीनही पूर्वी त्यांचीच. विकताना त्यांनी गोठा आणि त्याला लागून असलेलं अळूचं झाड तेवढं मागं ठेवलं होतं. हा अळू भाजीचा नव्हे. हे डोंगरातलं बुटकं, काटेरी झाड. त्याला चिकूसारखी तपकिरी फळं येतात. उन्हाळ्यात ती पाटीत घालून रत्नाबाई पौड रस्त्याला बसायच्या. त्यात मिळकत कसली आलीय! पण स्वतःच्या रानातलं म्हणून विकावं असं त्यांच्याकडं तेवढंच उरलं होतं.

वेल भिंतीवर चढली. भिंत संपली, वेल संपली नाही. ती अळूवर गेली. शेरडांनी ओरबाडू नये म्हणून अळूनं पिढ्यान् पिढ्या काटे राखले होते. आता त्याच काट्यांपायी वेल काढायला आत हात जाईना. रत्नाबाई कोपरापर्यंत ओरखडून घेऊन सोसायटीच्या ऑफिसात गेल्या.

“शेक्रेटरी, तुमची येल माज्या झाडावं बसलीया. उतरवा तिला.”

“मावशी, नेचर आहे ते. त्याला बाउंड्री नसते.”

“मंग भित कशाला बांदली?”

यावर सोसायटीची मीटिंग बोलावण्यात आली.

मीटिंगला शरदचंद्र मराठे होते. वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, तिसरा मजला. ते म्हणाले, “ही मूळची आफ्रिकेतली. तिथं तिला खाणारे किडे आहेत, तिच्याशी भांडणाऱ्या दुसऱ्या वेली आहेत. इथं तिला फक्त आपण आहोत, आणि आपण तिच्या बाजूनं आहोत. हिला बी फारसं धरत नाही. तशी गरजच पडत नाही. पेराला मुळं फुटतात. एक पेर ओल्या मातीला लागलं की नवी वेल. म्हणून कापायची नाही. मुळासकट उपटायची, ताडपत्रीवर कडक वाळवायची आणि जाळायची.”

“जाळलं की प्रदूषण होतं, सर,” कुणीतरी म्हणालं. टाळ्या पडल्या.

मग ‘ग्रीन संडे’ झाला. हिरवे टी-शर्ट आले, पोहे आले, गवत कापायची दोन यंत्रं आली. काट्यांत हात घालायची कुणाची तयारी नव्हती, पण यंत्राला काटे टोचत नाहीत. वेलीचे भाजीला चिरावेत तसे तुकडे झाले. अळूच्याही काही फांद्या चिरल्या गेल्या. श्रमदानात एवढं होतंच. मुळं जमिनीत राहिली. तुकड्यांचा ढीग मागच्या ओढ्यात लोटण्यात आला, कारण ओला कचरा निसर्गाला परत द्यायचा असतो. मराठे सर काठावर उभं राहून “अहो, ओढ्यात नको!” म्हणत होते. ग्रुप फोटोत ते हात वर करून आनंद व्यक्त करताना दिसतात.

ओढ्यानं तुकडे इमानदारीनं पोचवले. दिवाळीपर्यंत दोन्ही काठ पार खालपर्यंत जांभळे झाले. लोक तिथं लग्नाआधीचे फोटो काढायला येऊ लागले. भिंतीवरची वेल दुपटीनं दाट आली. पुढच्या उन्हाळ्यात अळूला फळ धरलं नाही. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात पानही नाही.

रत्नाबाईंनी डोंगरातून अळूचं रोप आणून तेलाच्या डब्यात लावलं. जागा एकच होती. जुनं झाड वेलीसकट पाडून, जाळून मोकळी करायची, असं त्यांनी ठरवलं. कुऱ्हाड लावली त्याच सकाळी सोसायटीनं तक्रार केली. झाड गेलं तर वेल खाली येणार आणि गोठा पुन्हा दिसणार.

झाडं तोडायची परवानगी देणारे साहेब आले.

“कुठलं झाड, मावशी?”

“ह्ये काय.”

साहेबांनी वर बघितलं. हिरवंगार. फुलंच फुलं.

“एवढं भरात आलेलं झाड तोडायला हात तरी कसा धजतो तुमचा?”

“सायेब, झाड मेलंय वो. आत बगा. त्ये हिरवं त्याचं न्हाई.”

रत्नाबाईंच्या बाजूनं आलेल्या मराठे सरांनी वाकून एक काटकी मोडून दाखवली. ती कट्कन मोडली. “सर, एखादी फांदी वाळतेच,” साहेब समजुतीनं म्हणाले. त्यांनी फोटो काढला, परवानगी नाकारली आणि जाताना कौस्तुभकडून घरच्या बाल्कनीसाठी दोन कलमं मागून घेतली.

साहेबांची जीप गेल्यावर रत्नाबाई गव्हाणीच्या कडेला बसल्या.

“सर, खरं सांगा. मेलंय ना?”

“मेलंय.”

“मंग तुमी शिकल्यालं असून त्यास्नी पटंना कसं?”

“मी काटकी दाखवली, रत्नाबाई. त्यांनी फुलं बघितली.”

रत्नाबाईंनी डब्यातल्या रोपाच्या पानावरची धूळ बोटानं पुसली. “आन् ह्येला कुटं लावू?”

सरांनी भिंतीकडं पाहिलं. ओढ्याकडं पाहिलं. जन्मभर ते हाच विषय शिकवत आले होते.

“डब्यातच राहू द्या,” ते म्हणाले.