चारशेची रेघ

सांगलीच्या त्या इस्पितळात मूत्रपिंडाच्या आणि हृदयाच्या पोरांचा एकच वॉर्ड, आणि तिथं पाणी औषधासारखं मोजून मिळे. अंगावर सूज असलेल्या पोराला काल जेवढी लघवी झाली, त्या बेतानं आज पाणी. जास्त गेलं तर ते छातीत साठतं. हे समजावता समजावता खंडाळ्याच्या उत्कर्षा सिस्टरच्या नाकी नऊ आले होते. तहानलेल्या लेकराला नाही म्हणायचं, हे कुणाच्या गळी उतरणार?

सुलाबाईच्या तर मुळीच नाही. जतकडची मेंढपाळाची म्हातारी. तिच्या मुलखात दारी आलेल्या परक्यालाही आधी तांब्या मिळतो. नात राणी सात वर्षांची, सुजेनं डोळे बारीक झालेले. आईबाप मेंढरं घेऊन लांब गेलेले, म्हणून सोबतीला आजीच.

राणीची लघवी आजीनं बाटलीत ओतून ठेवायची आणि सिस्टरनं मोजायची, अशी रीत. आकडा दीडशे मिलीच्या वर जाईना. पोरीला हुरूप यावा म्हणून उत्कर्षानं बाटलीवर चारशेला लाल पेनानं रेघ मारली. "इथवर भरली की राणीबाई घरी!" कुठून ही दुर्बुद्धी सुचली कोण जाणे.

तिसऱ्या दिवशी बाटली रेघेला टेकली. उत्कर्षानं टाळ्या वाजवल्या, तशा सगळ्या वॉर्डानं वाजवल्या. राणी उशीत तोंड खुपसून हसली. डॉक्टरांनी तिचं पाणी वाढवलं. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच. वजन मात्र उतरायचं सोडून अर्धा किलो चढलं. काटा जुना झालाय, असं स्वतःशीच म्हणून उत्कर्षा पुढच्या खाटेकडे वळली. बावीस पोरांमागे ती एकटी होती, पण ही सबब तिची तिलाच पटत नाही.

शुक्रवारी सकाळी राणीला आडवं होता येईना. बसल्या बसल्या धापा टाकत होती, ओठ निळे पडलेले. धावपळ झाली, ऑक्सिजन लागला, लघवीसाठी नळी घातली. तासाभरात पिशवीत चमचाभरसुद्धा उतरलं नाही.

"काल तर साडेचारशे लिहिलंय!" डॉक्टर म्हणाले.

उत्कर्षानं वळून पाहिलं. सुलाबाईनं पदर तोंडात धरला होता.

"आज्जी, बाटलीत काही घातलं होतं का?"

"पानी वो शिस्टर. पेलाभर. तुमी टाळ्या वाजवल्या की पोरगी लय हासायची. रेघंपातूर आलं की घरला जायाचं, तुमीच म्हनला न्हवं?"

म्हातारीवर ओरडायचं तरी कुठल्या तोंडानं? उत्कर्षानं डॉक्टरांना सगळं सांगितलं, चढलेल्या वजनाचंही. मशीननं रक्त शुद्ध करायला राणीला आत नेलं आणि दार लागलं.

बाहेर सुलाबाईनं उत्कर्षाचा हात घट्ट धरला.

"समदं खरं सांगितलं न्हवं मी? कायबी झाकलं न्हाई. आता उतरंल न्हवं पोरीचं पानी?"

'व्हय' एवढंच म्हणायचं होतं, म्हातारीला तेवढंच पुरलं असतं. पण उत्कर्षाला रडू फुटलं, आणि ते बघून सुलाबाईनं धरलेला हात सोडून दिला.