डुकराचं गाणं आणि कोंडिबाचं नाव

सोनबाचा पहिला दात विंझरच्या जत्रेत पडला नाही. तो भोंगवलीत, त्याच्या स्वतःच्या खळ्यावर पडला, आणि पाडणारा माणूस सोनबाला देवासारखा होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं इतके दात पडतात की पहिला कुठला, यावरून आमच्या गावात अजून बाचाबाची होते.

मी हरिबा, सोनबाचा तुणतुणेवाला. त्याच्या डाव्या अंगाला उभं राहून तार छेडायची आणि ओळ संपली की 'जी रं जी' ओढायची, एवढंच माझं काम. त्यामुळं बहुतेक सगळं मी दोन हातांवरून पाहिलं आहे. बोलताना थोडंफार वाढतं, नाही असं नाही. पण रक्त मी कुठं वाढवलेलं नाही. होतं तेवढंच पुष्कळ होतं.

मिठाच्या सत्याग्रहाचा गलबला झाला त्याच्या दोन साल आधी सोनबाचा धाकटा भाऊ भिमा गेला. उसात डुक्कर शिरलं म्हणून दोघं भाऊ भरदुपारी आत घुसले. सोनबाच्या हातात कुऱ्हाड, भिमाच्या हातात बडवायला पत्र्याचा डबा. डुक्कर डब्याच्या आवाजानं पळायचं ते डब्यावरच चालून आलं. सोनबानं घातलेली कुऱ्हाड बांधात रुतली, आणि ती उपसेपर्यंत डुकरानं भिमाला मांडीपासून बेंबीपर्यंत उसवलं. सोनबानं आपल्या पटक्यात त्याची आतडी बांधून त्याला पाठीवर घरी आणला. वाटेत भिमा पाणी मागत होता, पण दारात पोचेपर्यंत त्याचं मागणं संपलं होतं.

त्यानंतर वर्षभर सोनबा त्यावर एक अक्षर बोलला नाही. डफ खुंटीवरच होता.

मग एका मंगळवारी आम्ही भोरच्या बाजारात गेलो. तिथं हिर्डोशीचा एक वाळका, काळा माणूस डफावर गात होता. त्याचं नाव कोंडिबा. गाणं होतं डुकराचं. दोन भाऊ रानात जातात आणि एकच परत येतो:

थोरला म्हणं, माघारी सर, रान लागलंय हलाया
काळ सुळ्यांचा चालून आला, कुणी उरंना बोलाया

सोनबा उभा होता तो मटकन खाली बसला. खाली लाल मिरच्यांचा ढीग होता. मिरचीवाली बयाबाई शिव्या देत होती, तरी हा उठेना. माझा हात धरून म्हणाला, "हरिबा, ह्या मानसानं भिमाला बघितलं न्हाई. मग ह्येला ठावं कसं?"

पुढं नऊ मंगळवार आम्ही बाजारात गेलो. सोनबानं ते गाणं पाठ केलं आणि कोंडिबाची आणखी दहा गाणीही उचलली. डफ खुंटीवरून खाली आला.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. गाणं रचणारा शेवटच्या कडव्यात आपलं नाव आणि गाव गुंफतो. दुसऱ्याचं गाणं चोरणारा तेवढंच कडवं बदलून आपलं नाव घुसडतो, आणि सापडला की त्याचा डफ त्याच्याच डोक्यात फोडतात. सोनबानं असलं काही केलं नाही. तो प्रत्येक वेळी खडखडीत आवाजात म्हणायचा:

हिर्डोशीचा कोंडिबा गातो, डफ घेऊन हाती
भावावाचून भाऊ उरला, तोंडात त्याच्या माती

इमानदारी ती हीच. पण वेल्ह्याकडं, म्हणजे विंझरच्या बाजूला, कोंडिबाला कुणी पाहिलेलं नव्हतं. तो हिर्डोशीहून उतरायचा तो फक्त भोरपर्यंत. विंझरच्या जत्रेत लोकांनी सोनबाला ऐकलं, शेवटी नाव ऐकलं, आणि ठरवून टाकलं की हाच कोंडिबा. सोनबा हात जोडून सांगायचा, "बाबांनो, म्या सोनबा." लोक म्हणायचे, "बघा, केवढा नम्र मानूस!" आणि आणखी एक कोंबडी कापायचे. दोन वर्षं आम्ही विंझरात पाहुणचार झोडला.

तिसऱ्या वर्षी सोनबाला हिवताप आला, आम्ही गेलो नाही. आणि त्याच वर्षी खरा कोंडिबा विंझरला गेला.

हे मी पाहिलेलं नाही. पण मारणाऱ्यांपैकी चौघांनी मला चार तऱ्हांनी सांगितलं, आणि चौघांचं जेवढं जुळलं तेवढंच सांगतो. आमच्याकडं जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी देवापुढं गाण्याची हजेरी होते. त्या हजेरीला कोंडिबा उभा राहिला. साठीचा माणूस, आवाज फाटलेला. त्यानं डुकराचं गाणं म्हटलं आणि शेवटी स्वतःचं नाव घेतलं. तेव्हा आनंदराव पैलवान उठला. त्याची मान आणि डोकं एकाच मापाचं होतं.

"कोन कोंडिबा?"

"म्याच की."

"आमचा कोंडिबा आमी जेवू घातलाय, चोरा!"

डफ कोंडिबाच्या डोक्यावर असा बसला की चामडं फाटून कडं गळ्यात उतरलं. त्या कड्याला धरून त्याला देवळाभोवती फरफटवला. डावा हात कोपरातून उलटा फिरवला, तेव्हा ओला फोक मोडल्यासारखा आवाज झाला. अकरा जण मारत होते, आणि प्रत्येक फटक्याला ओरडत होते, "कोंडिबाचं नाव घेतोस? कोंडिबाचं?" साऱ्या मुलखात कुणा शाहिरावर एवढी माया कुणी केली नसेल. ती माया त्याच्याच बरगड्यांवर पडत होती, एवढंच.

दहा महिन्यांनी, मळणीच्या दिवसांत, विंझरात आपलं गाणं कोण गायला ते विचारत विचारत कोंडिबा भोंगवलीत आला. डावा हात वाकडाच सांधलेला, उजव्यात चिव्याची, भरीव बांबूची, काठी. सोनबा खळ्यावर बैलांमागं चालत होता. कोंडिबाला पाहताच त्याचा चेहरा उजळला.

"दादा, तुमी? हितं?" म्हणत तो पाया पडायला वाकला.

कोंडिबाचा गुडघा वर आला. पहिला दात ज्वारीत पडला तो हाच.

"दादा, आधी पानी तरी घ्या," सोनबा तोंड धरून म्हणाला.

"पानी प्यायला आलो न्हाई." काठी सोनबाच्या पाठीवर बसली. बैल बुजून खळं सोडून पळाले. मी कडब्याच्या गंजीमागं गेलो; तुणतुणं सांभाळणं हेही माझंच काम होतं.

"म्या तुमचं नाव कधी गाळलं न्हाई, दादा! येकदाबी न्हाई!"

"त्येच तर, लेका! गाळायचं व्हतंस! चोर गानं नेतो, तू मला सबंदाच नेलास. वेल्ह्याकडं आता म्या कोन? माझाच तोतया!"

फुलाबाई, सोनबाची बायको, मुसळ घेऊन धावत आली. "म्हाताऱ्या, गान्यापायी मानूस मारतोस?"

"बाई, तुझ्या मानसानं मला आधी मारलंय. अकरा जनांच्या हातानं." त्यानं वाकडा हात पुढं केला. तो हात पाहून फुलाबाईनं मुसळ खाली घेतलं. कोंडिबा सोनबाकडं वळला. "चैतात विंझरची जत्रा हाय. हजेरीला उभा ऱ्हा. डुकराचं गानं त्याच लोकांम्होरं म्हन. शेवटाला तुझं नाव घाल, तुझं गाव घाल. म्या पुढ्यात बसतो. न्हाई घातलंस तर दोन्ही मनगटं मोडीन. मग डफ पायानं वाजव."

"आन गानंच म्हनलं न्हाई तर?" मी गंजीमागून विचारलं. एक ढेकूळ आलं आणि माझ्या कानशिलावर फुटलं.

सोनबा रक्त थुंकून म्हणाला, "गानं सोडनं मला जमायचं न्हाई, दादा. माझा भाऊ डुकरानं फाडला. न गाता बसलो की त्यो तसाच उसात पडलेला दिसतो. गानं म्हनलं की तुमी त्येला उचलता. मग उचलनाऱ्याचं नाव कसं गाळू?"

कोंडिबानं आणखी एक काठी ओढली. "रडवतोस व्हय मला? चैतात!"

चैत्रात आम्ही गेलो. फुलाबाई म्हणाली होती, जाऊ नका. सोनबा म्हणाला, "मनगटं गेली तर गानंबी गेलं. येक नाव बदलून गानं वाचत आसंल तर बदलीन." असं म्हणाला खरा, पण विंझरपर्यंतच्या वाटेत ते बदललेलं कडवं त्यानं एकदाही म्हणून बघितलं नाही.

सकाळची हजेरी. ऊन नुकतं तापत होतं, देवळापुढचं पटांगण भरलेलं. पहिल्या रांगेत आनंदराव पैलवान. त्याच्या शेजारी, डोकीवर घोंगडं घेऊन कोंडिबा. गेल्या वर्षी ज्याला फरफटवला तो हाच, हे पैलवानाच्या ध्यानातही नव्हतं. काठी कोंडिबाच्या मांडीवर आडवी होती.

सोनबा गायला. मी त्याच्यामागं शेकडो वेळा तार छेडली असेल, पण तसं गाणं पुन्हा ऐकलं नाही. बायका पदर तोंडात धरून बसल्या होत्या. शेवटचं कडवं आलं. सोनबानं कोंडिबाकडं पाहिलं.

"हिर्डोशीचा," तो म्हणाला.

काठी आली ती नडगीवर. कटकन वाजली.

"हिर्डोशीचा..."

दुसरी मनगटावर. डफ हातातून सुटला, तो त्यानं छातीशी दाबून धरला. लोकांना वाटलं हा सोंगाचाच भाग आहे. कुणीतरी शिट्टी मारली. कोंडिबानं तिसरी उगारली, आणि सोनबा फुटला. डोळे मिटून तो म्हणाला:

"भोंगवलीचा सोनबा गातो, डफ घेऊन हाती."

मग आनंदराव सावकाश उठला.

"म्हंजी तू कोंडिबा न्हाईस?"

"न्हाई."

"दोन वरसं आमच्या कोंबड्या खाल्ल्यास, आन कोंडिबाचं गानं चोरून आज त्यात आपलं नाव घालतोस?"

पुढचं एका दमात झालं. आनंदरावानं सोनबाला उचलून जमिनीवर आपटला आणि त्याच्यावर माणसांचा ढीग पडला. आतून लाथांचा आवाज ओल्या कपड्यांवर धोपटणं पडावं तसा येत होता. मला एकानं तुणतुण्यानंच हाणलं. माझी दोन बोटं तारेत अडकून मागं वळली, ती अजून तशीच आहेत. ढिगाखालून सोनबाचा एक हात तेवढा बाहेर दिसत होता, आणि त्या हातावर कुणीतरी नाचत होतं.

मी कोंडिबाकडं पाहिलं. त्याला हवं होतं ते मिळालं होतं, पण चेहरा कातडी सोलून घेतल्यासारखा झाला होता. स्वतःच्या गाण्यातून स्वतःचं नाव गेलेलं त्यानं जन्मात पहिल्यांदा ऐकलं होतं.

त्यानं घोंगडं फेकलं आणि ढिगात घुसला. एका हाताचा साठीचा म्हातारा! पहिली काठी आनंदरावाच्या कानावर बसली, कानाची पाळी लोंबायला लागली. दुसऱ्याचं नाक गालावर गेलं. तिसरा जिलबीच्या कढईवर कोसळला आणि कोपरापर्यंत भाजून किंचाळत विहिरीकडं पळाला. मी मोजले तेव्हा नऊ जण आडवे होते; सहा म्हणणारेही भेटतील, पण त्यातले तीन तेव्हा पळत होते.

"सोडा त्येला! गानं माझं हाय! म्या कोंडिबा!"

"आनिक येक कोंडिबा!" गर्दी ओरडली. "हाना ह्यालाबी!"

काठी मोडली. चौघांनी त्याला देवळाच्या भिंतीशी दाबला, आनंदरावानं त्याचा गळा धरला. कोंडिबाच्या तोंडातून रक्ताचा फेस येत होता. त्यातूनच, गळा धरलेला असताना, तो त्याच चालीत गायला:

माझंच गानं, माझंच टाळकं, माझ्याच नावानं काठी
हिर्डोशीचा कोंडिबा उभा, भोंगवलीकरासाठी

उगारलेले हात तसेच राहिले. डुकराचं गाणं विंझरात सगळ्यांना पाठ होतं. हे कडवं कुणी ऐकलेलं नव्हतं, कारण आत्तापर्यंत ते नव्हतंच. उभ्या उभ्या, मार खाता खाता कडवं जोडणारा माणूस कोण असतो, हे त्या लोकांना सांगावं लागत नाही. आनंदरावानं गळा सोडला, आणि त्याच हातानं स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. ती कानाच्या बाजूला लागली म्हणून पुन्हा रक्त आलं.

माणसांच्या ढिगाखालून आवाज आला, "दादा, त्ये कडवं परत म्हना की."

"आधी श्वास घे, मेल्या!" कोंडिबा म्हणाला.

तेवढ्यात भोर संस्थानचे दोन शिपाई आले. मोडलेल्या जत्रेकडं बघून थोरल्या शिपायानं विचारलं, "दंगा कुणाच्या नावानं झाला?"

"कोंडिबा हिर्डोशीकराच्या," लोक म्हणाले. ते खरंच होतं.

"कुठाय तो?"

नाक फुटलेला, तीन दात गेलेला सोनबा गुडघ्यांवर उठला. "म्याच कोंडिबा, सरकार. मला न्या."

"पुन्यांदा?" कोंडिबा गरजला, आणि शिपायांच्या देखत त्यानं सोनबाच्या मुस्काटात अशी हाणली की चौथा दात शिपायाच्या बुटावर पडला. शिपायांनी दोघांनाही बांधलं. मोडक्या बोटांसकट मलाही.

भोरच्या कोठडीत तिसऱ्या दिवशी दुपारी कैद्यांनी गाण्याचा हट्ट धरला. कोंडिबाचा जबडा एवढा सुजला होता की पेजसुद्धा जात नव्हती. त्यानं सोनबाकडं नुसती मान हलवली. पालथ्या पातेल्यावर, चांगल्या हाताच्या बोटांनी ठेका धरून सोनबा गायला. कोंडिबा त्याच्या मागं बसला होता, आणि त्याचा हात सोनबाच्या मानेवर होता. शेवटच्या कडव्याला मी डोळे मिटून घेतले.

"हिर्डोशीचा कोंडिबा गातो," सोनबा म्हणाला, आणि थांबला.

हात मानेवरच होता, पण आवळला नाही. सोनबानं ओळ पुरी केली, मग विंझरचं नवं कडवंही म्हटलं; ते त्यानं एकदाच ऐकलं होतं, माणसांच्या ढिगाखालून.

कोंडिबानं दोन बोटांनी आपला जबडा उघडला. "दुसऱ्या कडव्यात घाई केलीस," म्हणाला, आणि त्याच्या टाळक्यात एक टपली मारली. "पुन्यांदा म्हन."