फुग्यांची कमान

आपला नवरा मूर्ख आहे हे श्वेताला लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी कळलं होतं. पण मूर्खपणालाही कुठेतरी तळ असतो, अशी तिची समजूत होती. मुलीला घेऊन ती इस्पितळातून बोरिवलीच्या घरी आली, त्या दुपारी तीही समजूत गेली.

बाळ यायचं होतं दिवाळीनंतर, आलं आधीच. तोवर घरात साधं टोपडंसुद्धा आलं नव्हतं. जन्माआधी बाळाची वस्तू उंबऱ्याच्या आत आणायची नाही, हा सासूबाईंचा, जयंतीबाईंचा, नियम. श्वेताला तो खुळचट वाटे. पण तिच्या आईचा कुडाळला पाय मोडलेला, बाळंतपण सासरीच व्हायचं, मग वाद घालणार कोण? सुबोधने मात्र दोघींपुढेही मान डोलावली होती. आईला म्हणाला, "बरोबर आहे तुझं." बायकोला म्हणाला, "तू म्हणतेस तसंच करू, यार." आणि केलं काहीच नाही. मान डोलावणं हेच त्याचं कर्तृत्व.

सिझेरियन झाल्यावर पलंगावर पडल्या पडल्या तिने त्याला एकेक गोष्ट सांगितली होती. लंगोट, दुपटी, झबली, गादीवर घालायला मेणकापड, आणि तिच्यासाठी पॅड.

"तू फक्त आराम कर," तो डोळे मिचकावत म्हणाला होता. "घरी आल्यावर बघच. एकदम झकास!"

दारात जयंतीबाईंनी भाकरतुकडा ओवाळला. श्वेता आत आली आणि तिने बघितलं.

बेडरूमच्या दारासमोर फुग्यांची कमान होती. गुलाबी, सोनेरी, मध्येमध्ये मोत्यांच्या माळा. वर "वेलकम प्रिन्सेस." डेकोरेशनवाल्याने ती इतकी बुटकी बांधली होती की आत जायला कमरेत वाकावं लागे. पोटावर ताजे टाके असलेल्या बाईने वाकावं!

"कसंय?" सुबोध मोबाइल रोखून उभा होता. "थांब, तिथेच थांब. बाळाला थोडं वर धर ना."

श्वेता थांबली नाही. तिने मुलीला सासूबाईंच्या हातात दिलं, एका हाताने पोट धरलं आणि दुसऱ्या हाताने कमान ओढून आडवी केली. मग तिच्यावरून पाय टाकून आत गेली. चार-पाच फुगे फुटले. मुलगी दचकली, रडायला लागली आणि ओली झाली.

"लंगोट कुठायत?"

"ऑर्डर केलेत. उद्या येतील. म्हणजे... परवा पक्के."

"खाली केमिस्ट आहे, सुबोध. लिफ्टमधून उतरलं की समोर."

"अगं, पण त्याच्याकडे चांगल्या डिझाइनचे नव्हते."

श्वेताने त्याच्याकडे नीट बघितलं. ती ओरडली नाही. राग करायचा तर समोर कोणीतरी माणूस लागतो.

तिने कपाट उघडलं. त्याचे मलमलचे कुडते कडक इस्त्री करून टांगलेले होते. दिवाळी पहाटेच्या मैफिलीत पुढच्या रांगेत बसून, कळो न कळो, मान डोलवायला. तिने पांढरा ओढला, कात्री घेतली आणि पाठीतून सरळ चालवली.

"श्वेता! तो नवाय!"

"म्हणजे स्वच्छ असेल."

मग तिने मोतिया रंगाचा घेतला. सुबोधने आईकडे बघितलं. आजवर अशा वेळी आई त्याच्या मदतीला धावून यायची.

"मी जन्माआधी आणू नको म्हटलं होतं," जयंतीबाई नातीला जोजवत म्हणाल्या. "जन्मल्यावरही आणू नको म्हटलं होतं का रे, बैला? जा, केमिस्टकडे जा. आणि श्वेता, शिवणी काढून टाक गं, टोचतात."

तो गेला. पॅडचं नाव मोठ्याने घ्यायची लाज वाटली म्हणून केमिस्टच्या काउंटरवरून बायकोला फोन केला, तूच सांग म्हणाला. श्वेताने स्पीकरवर, शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं.

संध्याकाळपर्यंत घर बऱ्यापैकी उभं राहिलं. मेणकापड आलं, झबली आली. उरलेल्या फुग्यांची हवा सुबोधने हॉलमध्ये फतकल मारून एकेक गाठ सोडवत काढली, कारण फोडायची त्याला बंदी होती. पुढे रोजचं लंगोट धुणं त्याच्याकडे आलं. ते त्याने मुकाट्याने केलं, पण इतकं वाईट केलं की दोरीखालची लादी दिवसभर ओली असे.

आठवड्याने कुडाळहून आईचा फोन आला.

"जावय खंय आसत गो?"

"बाथरूमात. लंगोट धुतत."

"अरे देवा! पुरुषमाणूस तो. सोड आता राग."

"राग नाय गो आये," श्वेता म्हणाली. बाहेर दोरीवरून पाणी टपटपत होतं. "आधी पिळूक तरी शिकांदे."