फेकून द्यायची राहिलेली बाटली

मी एक बाटली. अंगठ्याएवढी, पांढऱ्या प्लास्टिकची, तोंडाशी बारीक चोच असलेली. दाबलं की एकच थेंब टाकते, जास्त नाही. त्या एका थेंबाचा मला फार तोरा होता. आज मी प्रयोगशाळेतल्या एका कपाटात, पिशवीत बंद होऊन पडले आहे आणि तोरा कधीच उतरला आहे. माझ्याकडून काय घडलं, ते सांगून मोकळी होते.

माझा जन्म अशा खोलीत झाला, जिथे माणसंसुद्धा डोक्यापासून पायापर्यंत झाकून येत. तिथली हवाही गाळलेली. माझ्यात डोळ्यांचं औषध भरलं, टोपण घट्ट बसवलं आणि अंगावर चिठ्ठी चिकटवली : उघडल्यापासून महिन्याभरात वापरा, नंतर टाकून द्या. तेवढं पाळलं असतं तर मला आज बोलावंच लागलं नसतं.

मला काकांनी विकत घेतलं. ते कारखान्यात क्रेन चालवायचे. छताजवळच्या काचेच्या केबिनमध्ये बसून लोखंडी पत्र्यांचे गठ्ठे उचलायचे आणि खाली माणसं वावरत असताना अलगद नेमक्या जागी ठेवायचे. बावीस वर्षांत कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं. धुळीने त्यांचे डोळे चुरचुरत होते, ते माझ्या औषधाने बरे झाले आणि मी रिकामी झाले.

काकींनी मला कचऱ्याच्या डब्यावर धरलं आणि हात मागे घेतला. "चांगली बाटली आहे. येईल कामाला."

झालं! फ्रिजच्या दारात, लिंबाच्या फोडीशेजारी माझी रवानगी झाली. चिठ्ठी ओलाव्याने गळून पडली.

वर्षभराने काकांचे डोळे पुन्हा लाल झाले. कारखान्याची डोळेतपासणी आठ दिवसांवर होती.

"अहो, डॉक्टरीणबाईंना दाखवून या ना."

"त्या आमच्या कारखान्याच्याच डॉक्टर. आज दाखवलं की उद्या साहेबाच्या टेबलावर कागद. मग मला खाली उतरवतील. या वयात गेटवर बसवतील गं."

काकी म्हणाल्या, "मी करते घरी. मीठ आणि पाणी, त्यात आहे काय एवढं?"

काकी कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये तीनशे माणसांचा स्वयंपाक करायच्या. मीठ त्यांनी जन्मात कधी मोजलं नाही. हाताने घालायचं आणि जिभेने ठरवायचं. सगळं कॅन्टीन त्या जिभेची शपथ घ्यायचं.

त्यांनी निष्काळजीपणा केला असं कुणी म्हणू नये. मी डोळ्यांनी पाहिलंय. पाणी दहा मिनिटं खळखळ उकळलं, झाकून गार केलं, धुतलेल्या फडक्यातून गाळलं. माझा जीव जरा भांड्यात पडला. पण मला उकळलं तर मी वाकडी होईन म्हणून नुसतं नळाखाली विसळलं. मग दोन चिमटी मीठ. मला भरलं, चोच बसवली, आणि सवयीने जे व्हायचं तेच झालं. काकींनी मला तोंडाशी नेलं, जिभेवर एक थेंब टाकला आणि चव घेतली.

"हं. अश्रूंइतकं खारट आहे. बरोबर."

माझी चोच त्यांच्या जिभेला टेकली होती. दाब सुटला की मी हवा आत ओढते, ती माझी रीतच आहे. त्या हवेबरोबर जिभेवरचं जे होतं तेही माझ्या पोटात आलं.

पहिल्या दिवशी काकांना गार वाटलं. "किती बरं वाटतंय गं!" काकींचा चेहरा फुलला. माझ्या आत मात्र काहीतरी वाढायला लागलं होतं. आधीच्या औषधात जंतूंना रोखणारं काहीतरी असायचं, या पाण्यात काहीच नव्हतं. तिसऱ्या दिवशी ते गढूळलं, चौथ्या दिवशी तळाशी धागा तरंगू लागला. मी आरपार दिसणारी असते तर कुणी पाहिलं तरी असतं. काका रोज माझी चोच पापणीला टेकवायचे आणि मी दाबली जायचे. मला नाही म्हणता येत नाही. त्या थेंबांची मला आजही लाज वाटते.

तपासणीच्या आदल्या दिवशी सकाळी काकांचा उजवा डोळा चिकटला होता. उघडला तर उजेड सोसवेना. ते टॉवेल तोंडावर घेऊन भिंतीकडे वळले.

काकी मला घेऊन धावल्या. "थांबा, अजून दोन थेंब टाकते."

"नको! काचा भरल्यासारखं होतंय."

काकींनी मला घाईघाईने पर्समध्ये कोंबलं आणि काकांना धरून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी यंत्रातून डोळा पाहिला. "बुबुळावर पांढरा डाग आहे. आत जखम चिघळलीय. डोळ्यात काय घातलं होतं?"

"दुकानातले थेंब," काकी म्हणाल्या.

"कुठले?"

काका खाली मान घालून बसले. बायकोला खोटं पाडायचं नव्हतं त्यांना. पर्समध्ये काकींची बोटं माझ्याभोवती आवळली होती. काढा मला बाहेर, मी मनात ओरडत होते, आता तरी काढा!

"हे बघा, मी रागावणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण जंतू कुठला ते लवकर कळलं नाही तर डोळा हातचा जाईल."

काकींनी मला टेबलावर ठेवलं. "मी केले, घरी. पाणी उकळलं होतं हो... पण चव घेऊन पाहिली. जिभेला लावून."

डॉक्टरीणबाईंनी मोजे घालून मला उचललं. "प्यायला उकळलेलं पाणी चालतं, ताई. डोळ्याला ते पुरत नाही. आणि मीठही अंदाजाने घालून चालत नाही."

मला या प्रयोगशाळेत पाठवलं; जे माझ्या पोटात सापडलं तेच काकांच्या डोळ्यात सापडलं. औषध बदललं, तासातासाला थेंब सुरू झाले. अहवाल न्यायला डॉक्टरीणबाई इथे स्वतः यायच्या, त्यांच्याकडूनच मला पुढचं कळलं. डोळा वाचला. डाग राहिला. क्रेन सुटली. काका आता खाली हत्यारांच्या खोलीत बसतात आणि वर क्रेन सरकली की मान वर करून बघतात.

"नुसता कोरडेपणा होता सुरुवातीला," त्या इथल्या तपासनीसाला सांगत होत्या. "आठवड्यात बरा झाला असता. तपासणी पुढे ढकलायची चिठ्ठी मीच दिली असती. नुसतं यायला हवं होतं."

काकी अजूनही दर भेटीला त्यांना एकच विचारतात, "ती बाटली टाकलीत ना हो?"

आज मला जाळायला नेणार आहेत. चिठ्ठीवर लिहिलेलं अखेर पाळलं जाईल, वर्षभर उशिराने. तुमच्याही फ्रिजच्या दारात माझी एखादी बहीण उभी असेल, चांगली आहे म्हणून ठेवलेली. तिला आजच टाका. आणि डोळा दुखला तर पातेलं चुलीवर ठेवू नका, चपला घाला आणि डॉक्टरकडे जा.

काकींना कुणी भेटलं तर एवढं सांगा : हो, टाकली.