कोपराने दिलेला होकार

मित्रांनो, ओळखलंत का मला? मी एक जुनी चौकट आहे. भिंतीवरची नाही आणि दाराचीही नाही. तुम्ही कॉम्प्युटरवर काही करायला बसलात की पडद्यावर मधेच उगवते आणि "परवानगी आहे का?" असं विचारते ना, तीच मी. मला पाहून तुमच्या कपाळाला आठी पडते, हे मला ठाऊक आहे. पडू दे! आधी माझी कहाणी ऐका, मग आठी ठेवायची की पुसायची ते तुमचं तुम्ही ठरवा.

माझा जन्म एका छोट्या कंपनीत झाला. तिथे कॉम्प्युटरची राखण करणारा एक प्रोग्राम तयार होत होता. मला लिहिणारी मुलगी नुकतीच नोकरीला लागली होती. विचार करताना ती नखं खायची. तिने मला मोठ्या हौसेने घडवलं. पण तिचे साहेब म्हणाले, "हिला प्रत्येक गोष्ट विचारायला लाव. एकदा विचारलं की आपण मोकळे." त्यांनीच मला माझं वाक्य दिलं: 'अपरिचित स्रोताकडून आलेल्या कार्यक्रमास बदल करण्याची अनुमती द्यावयाची आहे काय?' खाली 'होय' आणि 'नाही'. लोकांना त्रास नको म्हणून 'होय' आधीच निवडलेलं. नुसतं एंटर दाबलं की झालं. खरं सांगते, मला ते वाक्य भारी रुबाबदार वाटायचं.

पुढे मी एका बूट बनवणाऱ्या काकांच्या कारखान्यात गेले. कारखाना म्हणजे दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटर, आतल्या खोलीत चामडं, ते कापायची रापी आणि लाकडी साचे. काका साधे बूट करत नसत. कुणाचा पाय आखूड, कुणाचा तळवा आत वळलेला, कुणाचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, अशांचे बूट ते करत. पावलांची सगळी मापं आणि चित्रं कॉम्प्युटरमध्ये असत. काकू ती सांभाळत.

पहिल्या दिवशी काकूंनी मला चष्मा लावून वाचलं. दुसऱ्या दिवशीही वाचलं. मग मी कॉम्प्युटरचं घड्याळ लावताना आले, प्रिंटरची शाई बदलताना आले, काकूंनी पडद्यावरची अक्षरं मोठी केली तेव्हाही आले. दर वेळी तेच वाक्य आणि तोच रुबाब. आठवडाभरातच माझं नाव पडलं आत्याबाई.

"अहो, आल्या बघा आत्याबाई!" काकू बाहेरच्या खोलीतून ओरडायच्या.

"मग दे त्यांना होकार आणि लाव वाटेला," काका म्हणायचे. त्यांचे हात सोल्यूशनने चिकट झालेले असत, काकूंचे पावलांचे ठसे घ्यायच्या प्लास्टरने पांढरे. म्हणून दोघांनीही एक युक्ती काढली होती. जो जवळ असेल त्याने कोपराने एंटर दाबायचं. पडद्याकडे बघायचीही गरज नाही. खट्ट! की मी गायब. मला राग यायचा. दिवसभर बडबड करणाऱ्या पाहुणीसारखं माझं झालं होतं. लोक हं हं म्हणत होते आणि कुणी ऐकत नव्हतं.

त्याच सुमारास तिथे टिल्ली यायला लागली. आठ-नऊ वर्षांची, तोंडाचा पट्टा अखंड चालू. तिची आई बेकरीत कामाला होती. टिल्लीच्या पायाचं ऑपरेशन झालं होतं आणि ती चाकांच्या खुर्चीत होती. खास बूट घातल्याशिवाय त्या पायावर भार टाकायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आई पहाटेची पाळी उरकून तिला घेऊन येई. काका दर खेपेला थोडं माप घेत, थोडा उतार बदलत आणि चित्र सुधारून ठेवत. सोमवारी शाळा उघडणार होती.

"काका, सोमवारी मी चालत वर्गात जाणार. सगळ्यांना सांगून ठेवलंय मी," टिल्ली म्हणाली.

"जाशील गं बाई. काकाचा शब्द आहे," काका म्हणाले.

शब्द दिला त्याच आठवड्यात एक ईमेल आला. वर लिहिलं होतं, 'तुमच्या चामड्याचं पार्सल'. काका चामड्याची वाटच पाहत होते. काकूंनी तो उघडला आणि आत दडलेला एक दुष्ट प्रोग्राम जागा झाला. त्याला सगळ्या फाइली बिघडवायच्या होत्या. मला ते दिसत होतं! मी जिवाच्या आकांताने पडद्यावर आले. पण मला बोलता काय येत होतं? 'अपरिचित स्रोताकडून आलेल्या कार्यक्रमास...' शाई बदलताना बोलते तेच.

काकू तेवढ्यात प्लास्टर कालवायला आत गेल्या होत्या आणि काका टिल्लीच्या बुटाचा तळ चिकटवून पाणी प्यायला बाहेर आले होते. "आत्याबाईंना आजच बरा मुहूर्त मिळाला," ते म्हणाले आणि त्यांनी कोपर टेकवलं.

दुपारपर्यंत एकही माप उघडेना. जिथे पावलाचं चित्र होतं तिथे नुसता चिखल. चिकटवलेला तळही वाया गेला, कारण वरचा भाग ज्या चित्रावरून कापायचा तेच राहिलं नव्हतं. काका एकेक माप पुन्हा पुन्हा उघडून बघत राहिले. काकूंच्या डोळ्यांना धारा लागल्या.

सगळं पहिल्यापासून मोजावं लागलं. पाय पुन्हा प्लास्टरमध्ये, पुन्हा वाळेपर्यंत थांबणं, आईच्या पुन्हा रजा. बूट काही सोमवारी झाले नाहीत. टिल्ली खुर्चीत बसून शाळेत गेली. नंतर कारखान्यात आली तेव्हा पहिल्यांदाच ती गप्प होती.

त्या दिवशी कंपनीकडून कुणीतरी तपासायला आलं होतं. मी पाहिलं आणि चकित झाले. मला लिहिणारी, नखं खाणारी तीच मुलगी! ती दिवसभर एका स्टुलावर बसून नुसती बघत राहिली. काकूंचे हात, काकांचं कोपर, माझं उठसूट येणं. शेवटी हळूच म्हणाली, "काका, ही चौकट मीच लिहिलीय."

"तुमची कन्या होय!" काका म्हणाले. "फार बोलते हो. आणि काय बोलते ते देवाला ठाऊक."

टिल्लीने खुर्ची पुढे घेतली, माझं वाक्य अडखळत मोठ्याने वाचलं आणि विचारलं, "म्हणजे काय?"

मुलीने स्टूल टिल्लीजवळ ओढलं. तिचे कान लाल झाले. मग टिल्लीकडे बघत ती म्हणाली, "म्हणजे... कुणीतरी अनोळखी आलाय आणि तो तुझ्या पायाची चित्रं खराब करणार आहे. येऊ देऊ का त्याला?"

"मग असंच लिहायचं ना!" टिल्ली म्हणाली.

साहेबांशी भांडून त्या मुलीने मला पुन्हा लिहिलं. घड्याळ, शाई, अक्षरं यांसाठी मी आता उगवत नाही. ती कामं प्रोग्राम मुकाट्याने बघतो. आणि आले तर दोन सोप्या वाक्यांत बोलते. नुसतं एंटर दाबलं तर 'नको' असंच समजते. कित्येक महिने मला कुणी पाहिलंच नाही. सुरुवातीला वाईट वाटलं. आपली कुणाला आठवणही येत नसेल का, असं वाटायचं.

मग एका सकाळी तसाच एक लबाड ईमेल आला. मी समोर आले: 'हा प्रोग्राम पावलांची सगळी मापं बदलणार आहे. तुम्ही याला बोलावलं नसेल, तर नको म्हणा.'

"अगं, थांब थांब," काका काकूंना म्हणाले. "आत्याबाई उगाच नाही यायच्या. काय म्हणतात बघू." दोघांनी मला डोक्याला डोकं लावून वाचलं. काकूंनी 'नको' दाबलं. तेवढंच! मी निघून गेले.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी उद्या माझ्यासारखी चौकट लिहायला बसेल. त्याने नीट पाहावं, समोरच्या माणसाचे हात कशात गुंतलेत. कमी विचारा आणि त्याच्या भाषेत विचारा. आणि बाकीच्यांनो, एवढं करूनही मी आलेच, तर क्षणभर थांबा आणि मला वाचा. माझा मान राखण्यासाठी नव्हे हो. त्या सकाळी आतल्या खोलीत टिल्ली वाढलेल्या पायांच्या मापाचे नवे बूट घालून बघत होती. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत, आईला काहीबाही सांगत. बाहेर काय टळलं ते तिला कळलंही नाही, तिची बडबड एवढीशीसुद्धा थांबली नाही.