पाण्याची ओटी

डिंभ्याच्या धरणात खडशी मासा परत आणायचा, असं गावच्या मच्छीमार संस्थेनं ठरवलं होतं. घोड नदीत पूर्वी उदंड असलेला हा मासा आता औषधालाही उरला नव्हता. काठालगत बांधलेल्या जाळीत त्याची पिल्लं वाढवायचं काम सुनीलकडं होतं. पावसाळ्यात होडी उलटली आणि सुनील गेला. पिल्लं मात्र राहिली, ती त्याच्या बायकोच्या, प्रतिभाच्या गळ्यात पडली.

ती सकाळ-संध्याकाळ घमेल्यातलं खाद्य टाकी. हात चाले, पण त्याला पाणी गार लागतंय की कोमट, हे तिला कळत नसे. रडणं तर कधीच आटलं होतं. जेवते, निजते, म्हणून जिवंत म्हणायचं, एवढंच.

त्या सकाळी ती खाद्य टाकून आली, तर देवळापुढं बैठक बसलेली. पिल्लं उद्या मोठ्या पाण्यात सोडायची होती. कुठल्या ओढ्याच्या तोंडाशी सोडायची, तिथं जाळं कधीपर्यंत टाकायचं नाही, सगळं शहाण्यासारखं ठरलं. मग अध्यक्ष गोकुळभाऊ खाकरले.

"आदी पाच सवाष्णी पान्याची ओटी भरत्याल. पिल्लंबी त्याच सोडत्याल. प्रतिभा, तू उद्या घरीच थांब बाय. राग नको मानू, पर शुभ काम हाय."

इतके महिने चाललेला हात एका दिवसापुरता अशुभ झाला! धन्य ते शहाणपण.

प्रतिभाला वाईट वाटायला हवं होतं. काहीच वाटलं नाही. तिनं रिकामं घमेलं बैठकीच्या मधोमध ठेवलं.

"मग आज सांजचं खाद्यबी सवाष्णींनीच टाकावं," ती म्हणाली आणि घरी गेली.

उन्हं उतरली तरी घमेल्याला कुणी हात लावला नाही. प्रतिभा उंबऱ्यात बसून होती. तेवढ्यात सासू, कोंडाबाई, तेच घमेलं भरून कडेवर घेऊन आली.

"ऊठ. मासं उपाशी हायेत."

"आत्या, लोक काय म्हनत्याल?"

"तुझा सासरा गेला तवापासून मी पान्याकडं फिरकले नाय. मी लांब ऱ्हायले म्हनून खडशी वाचली का? तुझ्या बांगड्या म्याच उतरवल्या, चुकलं माझं. उद्या पिल्लं आपन दोघीच सोडायची. कोन आडवतंय, बगते मी!"

दोघी काठावर गेल्या. गोकुळभाऊ आणि मंडळी लांबून बघत होती. उद्या आपण कुठं उभं राहायचं, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

प्रतिभानं पाण्यात हात घातला. हाताभोवती पिल्लांची एकच झुंबड उडाली.

"आत्या, पानी लई गार हाय," ती म्हणाली, आणि इतक्या महिन्यांनी तिला रडू फुटलं.