अर्धी काळी पट्टी

यंत्रातून ट्रे बाहेर आला की मावशी आधी हत्यारांकडे बघत नसत, पट्टीकडे बघत. ऑपरेशनच्या कात्र्या-चिमट्यांच्या प्रत्येक ट्रेमध्ये कागदाची एक बोटभर पट्टी ठेवलेली असते. जंतू मारणारी वाफ शेवटपर्यंत नीट पोचली तर ती पूर्ण काळी पडते. कडेला जरा जरी पांढरी राहिली तर ट्रे नापास, मग वरून कात्र्या आरशासारख्या चमकत असोत. सगळं पुन्हा यंत्रात. "अर्धं स्वच्छ म्हणजे घाणच," असं मावशींचं म्हणणं. पास झालेला ट्रेसुद्धा त्या दुबार बघत, म्हणून हॉस्पिटलात त्यांचं नाव दुबारमावशी पडलं होतं. नव्या लोकांना ते आडनावच वाटायचं.

हत्यारं वाफवायच्या त्या खोलीत त्यांची एकोणीस वर्षं गेली होती. आल्या तेव्हा अक्षर येत नव्हतं. पस्तिशीत, ट्रेवरच्या चिठ्ठ्या वाचता वाचता लिहायला-वाचायला शिकल्या. गेल्या वर्षी खोलीच्या प्रमुख बाई निवृत्त झाल्या आणि तेव्हापासून खोली मावशीच चालवत होत्या, फक्त कागदावर नव्हत्या. मग नवी यंत्रं आली. ती पडद्यावर इंग्रजीत बोलायची. ऑफिसानं ठरवलं की इथून पुढं खोलीचा प्रमुख तोच होईल, जो बाहेरच्या मंडळाची इंग्रजीची परीक्षा पास करेल. मावशींना हे पटलं. यंत्र काय सांगतंय ते कळल्याशिवाय त्याच्यावर भरवसा कसा ठेवायचा? आणि पदाची हाव नव्हती असंही नाही. जिथं एकोणीस वर्षं घाम गाळला, त्या खोलीच्या दारावर आपल्या नावाची पाटी लागावी असं कुणाला वाटणार नाही?

हॉस्पिटलातल्या सगळ्याच विभागांच्या लोकांसाठी तीन महिने वर्ग चालला. आठवड्यातून तीन दिवस, ड्यूटी संपल्यावर, नर्सेसच्या व्याख्यानाच्या खोलीत. शिकवायला बाहेरून एक बाई येत, मावशींच्या सुनेच्या वयाच्या. पहिल्याच दिवशी बाईंनी सगळ्यांना एक फॉर्म वाटला. त्यावर तीस वाक्यं, आपल्याच भाषेत. मला इंग्रजीत फोनवर निरोप घेता येतो. मला यंत्रावरची सूचना वाचून कळते. मला झालेली चूक लिहून कळवता येते. प्रत्येकापुढं एक ते पाच आकडे. एक म्हणजे अजिबात येत नाही, पाच म्हणजे न अडखळता येतं. दर पंधरा दिवसांनी हाच फॉर्म पुन्हा भरायचा, म्हणजे आपण कुठं होतो आणि कुठं आलो ते आपलं आपल्याला दिसतं.

बाई म्हणाल्या, "याला मार्क नाहीत. हा तुमचा तुमच्यासाठी. मनापासून खरं लिहा."

मावशींनी खरं लिहिलं. दहातल्या आठ वेळा निरोप नीट घेता आला तर उरलेल्या दोन वेळांचं काय? पट्टी कडेला पांढरीच की. म्हणजे आकडा दोन.

शेजारच्या बाकावर त्यांच्याच खोलीतला बिनधास्त बसायचा. चाळिशीचा गडी, हाताला चपळ, पण कशाचीच काळजी करायची नाही हा त्याचा बाणा, म्हणून हे नाव. त्यानं वाक्यं न वाचताच तीसच्या तीस ठिकाणी पाच ठोकले आणि उरलेल्या वेळात बाहेर जाऊन चहा पिऊन आला. मावशींच्या कागदात डोकावून म्हणाला, "मावशी, स्वतःच स्वतःला नापास करताय? त्या कामाला बाकीचं जग बसलंय की."

घरी सराव व्हायचा सकाळी, डबे भरता भरता. सून एका गोदामात कारकून होती, तिचं सगळं काम इंग्रजीत. ती डब्याची झाकणं लावत प्रश्न टाकायची आणि मावशी हातातलं न थांबवता उत्तर द्यायच्या. लिहिलेलं तपासायला वही तिच्याकडे. सुरुवातीला तिचा हात धजेना. सासूच्या चुका काढायच्या कशा, म्हणून पेन्सिलीनं बारीकशी खूण करायची, ती उजेडात धरली तरी दिसू नये अशी. मावशींनी वही तिच्यापुढं परत सरकवली. म्हणाल्या, अगं, मला लाड नकोत, लाल पेन घे. त्यावर मावशींचे यजमान, आयुष्यभर गाडी चालवून आता खुर्ची चालवणारे, म्हणाले की सासूच्या चुका काढायच्या आणि वर तिच्याकडूनच शाबासकी घ्यायची, असलं भाग्य कुठल्या सुनेला लाभलं नसेल.

चुकांसाठी मावशींनी वेगळी वही केली होती. खोलीत नापास होऊन परत आलेल्या ट्रेची नोंद होते, का परत आला तेही लिहावं लागतं. तसंच इथं. एका ओळीत चूक, पुढं तारीख, पुढं कारण. तीच गोष्ट वेगवेगळ्या तीन दिवशी बरोबर आली की मगच ती ओळ खोडायची. एखादी खोडलेली चूक महिन्यानं पुन्हा उगवली की मावशी तिला 'जुनी पाहुणी' म्हणत आणि पुन्हा पहिल्यापासून लिहीत. तीन महिन्यांत वहीची एकशे बारा पानं भरली. फॉर्मवरचे दोनचे तीन झाले, काही ठिकाणी चार. पाच कुठंच नाही.

परीक्षेच्या पंधरवडाभर आधी बाईंनी सराव पेपर घेतला. पास व्हायला पन्नास लागत. मावशींना एकसष्ट पडले. बाईंनी खाली शेरा लिहिला होता, की स्वतःची चूक स्वतः शोधता ही तुमची मोठी ताकद आहे, फक्त वेळेकडे लक्ष द्या. बिनधास्तला बावीस पडले. त्यानं पेपराची होडी केली आणि खिडकीत ठेवली.

सोमवारी फलकावर यादी लागली. मंडळानं हॉस्पिटलला परीक्षेला बसायच्या बाराच जागा दिल्या होत्या आणि वर्गात माणसं सव्वीस. मावशींनी यादी वरून खाली वाचली, मग खालून वर. पहिल्या क्रमांकावर बिनधास्त होता. मावशी कुठंच नव्हत्या. तळाशी एक ओळ होती, की निवड उमेदवारांनी स्वतः भरलेल्या शेवटच्या फॉर्मच्या बेरजेनुसार केली आहे.

त्या तिथंच उभ्या राहिल्या. मागून कुणीतरी जरा सरका म्हणालं, तेव्हा त्यांना कळलं की आपण वाट अडवून उभ्या आहोत.

वर्गाची खोली उघडी होती. बाई फळा पुसत होत्या. मावशींनी विचारलं, तेव्हा बाईंचा चेहरा पडला. ऑफिसानं गेल्या आठवड्यात फॉर्म मागून घेतले होते, रेकॉर्डला ठेवायचे म्हणून, आणि त्यांनी दिले होते. असं काही होईल हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. मग त्यांनी दाराकडे एकदा बघितलं आणि आवाज खाली आणला. कोरा फॉर्म त्या देतील, मागची तारीख घालून. मावशींनी त्यात चारचे-पाचचे आकडे भरून द्यावेत, ऑफिसात बदलायचं त्या बघतील.

मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आवाज चढला नाही. रागात त्यांचा आवाज उलट खाली जायचा.

"बाई, पट्टी अर्धीच काळी पडली, तर उरलेली मी पेनानं काळी करून ट्रे ऑपरेशनला पाठवू का?"

बाई डस्टर ठेवून खुर्चीवर बसल्या.

घरी यजमान म्हणाले, भरून टाक की, कोण बघतंय. मावशी म्हणाल्या, "अहो, कोणी बघणार नाही म्हणूनच तर खरं लिहिलं होतं." सकाळी मावशींच्या डब्याच्या पिशवीत सुनेनं चुकांची वही घालून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी मावशी प्रशासनाच्या साहेबांपुढं उभ्या राहिल्या. साहेब वाईट वागले नाहीत. त्यांनी बसायला सांगितलं, पाणी मागवलं, फॉर्म काढून समोर ठेवला आणि प्रत्येक आकड्यावर पेनाचं टोक टेकवत समजावून सांगितलं, जणू मावशींना आकडे येत नव्हते.

"हे तुम्हीच तुमच्या हातानं लिहिलंय ना? तुम्हीच म्हणताय येत नाही. आम्ही तुमच्यावर विश्वास ठेवला, मावशी. यात आमचं काय चुकलं?"

असं गोड बोलून मारलेलं जास्त लागतं. मावशींनी वही टेबलावर ठेवली. साहेबांनी ती उघडली नाही.

"माझ्यावर ठेवलात, तसाच सगळीकडे पाच लिहिणाऱ्यावरही ठेवलात," मावशी म्हणाल्या. "म्हणजे जो स्वतःला तपासतो तो बाहेर आणि जो वाक्यच वाचत नाही तो पहिला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. सराव पेपर घेतला होता साहेब. तो कुणी बघितला?"

साहेब म्हणाले, पेपरचं त्यांना काही माहीत नाही. तेवढ्यात दारातून बाईंचा आवाज आला. त्या किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे.

"मार्कांची यादी माझ्याकडे आहे, सर. मागितली नाही कुणी. मीही आपण होऊन दिली नाही, ती माझी चूक."

त्यांनी यादी ठेवली. साहेबांनी चष्मा लावून वाचली. पहिल्या क्रमांकाच्या माणसापुढं बावीस हा आकडा होता, तिथं त्यांचं बोट जरा थांबलं. बघतो, म्हणाले.

बुधवारी ऑफिसातला कारकून एक टाइप केलेला कागद घेऊन खोलीत आला. मावशींच्या नावानं मजकूर तयारच होता. माझ्याकडून गैरसमजुतीनं फॉर्म कमी भरला गेला, त्याबद्दल मी दिलगीर आहे, तरी विशेष बाब म्हणून मला परीक्षेला बसू द्यावं. खाली सहीला जागा.

"सही करा, विषय संपला," कारकून म्हणाला. "साहेबांनी मंडळाला फोन लावून तेरावी जागा मिळवलीय तुमच्यासाठी. एका फोनमध्ये."

एका फोनमध्ये. मावशींना ते दोन शब्द यादीपेक्षाही जास्त झोंबले. एका फोनमध्ये मिळणारी जागा होती, आणि तिच्यासाठी आता त्यांनीच माफी मागायची होती.

त्यांनी हातमोजे काढले. पट्टी तपासायच्या दिव्याखाली कागद घेतला, मजकुरावर सरळ एक रेघ मारली आणि खाली इंग्रजीत लिहायला लागल्या. माझा फॉर्म बरोबर आहे. तो ज्या कामाला वापरला, ते चूक आहे. सराव पेपरचे मार्क बघून जागा द्यावी, नसेल तर देऊ नये. लिहून झाल्यावर त्यांनी ते दुबार वाचलं, एका शब्दात राहिलेलं अक्षर भरलं आणि सही केली. कारकून ओठ हलवत वाचत राहिला.

बिनधास्त हातातला ट्रे तसाच धरून बघत होता. या वेळी त्यानं चेष्टा केली नाही. म्हणाला, "मावशी, जागा जाईल हो."

"जाऊ दे. खोटं लिहून मिळालेल्या खुर्चीवर बसून मी तुझ्या पट्ट्या कोणत्या तोंडानं तपासू?"

त्यानं मान खाली घातली आणि ट्रेमधली पट्टी उजेडात धरून बघितली. मग पुन्हा एकदा बघितली.

दोन दिवस ऑफिसातून काही आलं नाही. शुक्रवारी संध्याकाळी मावशी घरी निघाल्या तेव्हा फलकावरच्या यादीत बाराव्या नावाखाली पेनानं तेरावं नाव लिहिलेलं होतं. अक्षर साहेबांचं होतं. 'विशेष बाब' कुठं नव्हती, आणि ऑफिसाचं चुकलं हेही कुठं नव्हतं. तळाची ती ओळ होती तशीच होती. पहिलं नाव बिनधास्तचंच. वर्गात चांगला अभ्यास केलेल्या, पण फॉर्मवर खरं लिहिलेल्या आणखी तिघीजणी होत्या, लाँड्रीतल्या दोघी आणि रक्त तपासणीतली एक. त्यांच्यासाठी कुणी फोन केला नव्हता. मावशींनी त्या तिघींची नावं चुकांच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घेतली, प्रत्येकीपुढं तारीख घालून. ही ओळ त्यांना लवकर खोडता येणार नव्हती.

रविवारी परीक्षा झाली. मोठी खोली, एकेकटी बाकं, भिंतीवर घड्याळ. मावशींनी वेळेकडे लक्ष ठेवलं, तरी शेवटचा एक प्रश्न अर्धा राहिला. बाकी सगळं दुबार बघून झालं. हात दुखत होता, पण मन बरंच शांत होतं.

पेपर गोळा करायच्या आधी देखरेख करणाऱ्या बाईंनी प्रत्येकाच्या बाकावर एक छोटी चिठ्ठी ठेवली. पेपर तुम्हाला कसा गेला, एक ते पाच आकड्यांवर खूण करा. खाली लिहिलं होतं, की याला मार्क नाहीत, मनापासून खरं लिहा.

मावशींनी पेन उचललं. पेपर कसा गेला हे त्यांना नेमकं माहीत होतं, अगदी अर्ध्या प्रश्नासकट. पेनाचं टोक आकड्यांवर फिरलं आणि थांबलं. त्यांनी हात वर केला. देखरेखीच्या बाई जवळ आल्या, तेव्हा मावशींनी तीन महिन्यांत शिकलेल्या इंग्रजीत, न अडखळता विचारलं, "हे कोण वाचणार?"

त्या बाईंनी चिठ्ठी उलटी करून बघितली. मागं काहीच नव्हतं. माहीत नाही, त्या म्हणाल्या.

मावशींनी पेनाला टोपण लावलं आणि चिठ्ठी कोरीच त्यांच्या हातात दिली.